सीट बदलताना मी कसा गंडलो

यावलला राहतो. बियाणं-खतांच्या दुकानांतून ऑर्डरी गोळा करायच्या, हे माझं काम. चोपडा, फैजपूर, सावदा, रावेर करत अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर रोजचे शंभर किलोमीटर होतात, तेही केळीच्या ट्रकांमागे. गाडी आठ वर्षांची स्प्लेंडर. तिची सीट पुढच्या बाजूला जरा बसली होती, बाकी धडधाकट. पण मे महिन्यात कंबरेनं जीव नकोसा केला, तेव्हा जळगावात एका सीटवाल्याकडे गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्याचा धंदा कसा चालतो तेवढं सांगतो.

त्यानं माझ्या सीटवर अंगठा दाबला आणि डॉक्टरासारखी मान हलवली. "भाऊ, यात काही राहिलं नाही. आपल्याकडे चाळीस डेन्सिटी फोम, त्यावर जेल. उन्हात गार राहते." मग नवी सीट माझ्या हातात दिली. "वजन बघा!"

वजन होतं. कंपनीच्या सीटपेक्षा चांगलीच जड. मी तिथेच पाघळलो. आपल्याकडे वांगीसुद्धा हातात तोलून घेतात, मग सीट का नको?

पुढे कळलं की खरी मेख याच वजनात आहे. 40 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन 40 किलो. सीटएवढ्या तुकड्याचा हिशोब केला तर जेमतेम अर्धा किलो भरतो. गाद्यांच्या कारखान्यातल्या कापलेल्या चिंद्या डिंक घालून दाबल्या की जो फोम होतो, तो सहसा याच्या दुपटीहून जड असतो. म्हणजे जड सीट हातात आली की शंका यायला हवी होती आणि मी खूश झालो.

भाव 2,200. जुनी सीट दिली तर 400 कमी. रोख दिले तर आणखी 100 कमी. एक वर्षाची गॅरंटी, ती व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनानं लिहून दिली. "पोरगं बसवतंय, तोवर तुम्ही चहा घ्या." समोरच्या टपरीवर चहा घेतला, भजीही खाल्ली. परत आलो तर काम झालेलं, जुनी सीट आत गेलेली. साइड पॅनल काढून बोल्ट कसे आवळले, खाली काय लावलं, काय नाही, मी काहीच पाहिलं नाही.

पहिले आठ दिवस मजेत गेले. मग सीट एका बाजूला कलंडल्यासारखी वाटू लागली आणि खड्ड्यात गाडी गेली की खालून खट् असा आवाज. गार वगैरे राहण्याचं तर नावच नको. दुपारी आधीसारखंच पोतं टाकून बसत होतो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि शिवणीतून पाणी आत शिरलं. नंतर दोन दिवस कडक ऊन होतं, तरी बसलं की पॅंट ओली. गिऱ्हाइकासमोर पाठ करून उभं राहायची सोय नाही.

हे सगळं चालवून घेतलंही असतं. पण एका संध्याकाळी सावद्याच्या अलीकडे हॉर्न गेला. थांबून पाहिलं तर ब्रेकलाइट नाही, इंडिकेटर नाही. इंजिन चालू, मागे ट्रक आणि मी ब्रेक दाबतोय ते कुणाला दिसत नाही. हात दाखवत दाखवत गावात पोचलो. मेकॅनिक म्हणाला, "काय झालं भो?" फ्यूज उडाला होता. त्यानं सीट काढली आणि मला जवळ बोलावलं. सीटच्या खाली चार रबरी बुश असायला हवेत, तिथे एकही नव्हता. सीटचा तळ सरळ चेसिसवर आदळत होता आणि मागे जाणारी वायरिंग मधे चेंगरून सोलली होती. पुढची जीभसुद्धा टाकीखालच्या खाचेत बसतच नव्हती, हातोडीनं वाकवून कशीबशी अडकवलेली.

मग त्यानं पकडीनं स्टेपलच्या पिना उपटून रेक्झिन उचललं. आत गुलाबी, निळे, पिवळे, हिरवे तुकडे, गणपतीच्या मखरात शोभतील असे. त्यात एका जुन्या सोफ्याचं फुलाफुलांचं कापड तसंच चिकटलेलं. आणि जेल? डायनिंग टेबलावर अंथरतात ते जाड पारदर्शक प्लास्टिक, दोन पदरी घडी करून ठेवलेलं. कडेला दुकानाच्या भावाचा स्टिकरही शाबूत.

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन जळगावला गेलो. तो म्हणाला, गॅरंटी शिलाईची आहे, फोमची नाही, आणि तुम्ही शिलाई उसवून आणलीत. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. तिथे बाई नीट बोलल्या, पहिला प्रश्न बिलाचा. बिल नाही. पैसे कसे दिले? रोख. शंभर रुपये वाचवायला मी पुरावा विकला होता. यूपीआयनं दिले असते तर निदान तारीख आणि रक्कम तरी दाखवता आली असती.

आता राग बाजूला ठेवून एवढंच मागितलं की माझी जुनी सीट परत दे. "ती भंगारात गेली. पण ओरिजिनल पाहिजे असेल तर आहे एक, कमी वापरलेली. 1,200." फळीवर अशा दहा-बारा सीटा ओळीनं लावलेल्या, सगळ्यांना कोरं कव्हर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवी सीट विकणं हा त्याचा अर्धाच धंदा. 400 रुपयांत कंपनीची सीट गोळा करायची, तिच्यावर कव्हर चढवायचं आणि माझ्यासारख्याच दुसऱ्या गंडलेल्याला विकायची.

त्यानं काढून दिलेली सीट उलटी केली. तळाला मागच्या कोपऱ्यात तडा गेलेला आणि त्यावर एम-सीलचा लपका, माझ्याच अंगठ्याच्या ठशासकट. दोन वर्षांपूर्वी घरी ओट्यावर बसून लावला होता.

भांडलो. दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली तसा तो 900 वर आला. माझ्याकडे गाडी होती, तिला धड सीट नव्हती आणि घर गाठायचं होतं. या वेळी चहाला गेलो नाही. उभा राहून चारही बुश लावून घेतले, जीभ खाचेत बसल्याचं बोटानं चाचपून पाहिलं, पैसे फोनवरून दिले आणि बिल मागितलं. तो पोराकडे बघून म्हणाला, "बिलबुक आण रे," आणि पोरगं त्याच्याच तोंडाकडे बघत राहिलं.