बी.एस्सी. रसायनशास्त्रासाठी प्रवेश मार्गदर्शन : एक अभिप्राय
माझ्या भाचीला रसायनशास्त्रात पदवी घ्यायची असल्याने आम्ही नागपुरात धरमपेठेतील एका मार्गदर्शन केंद्राचा सल्ला घेतला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) लागतात, तसेच सत्रातील एका श्रेयांकासाठी वर्गात १५ तास, तर प्रयोगशाळेत ३० तास द्यावे लागतात, हे तेथील मॅडमनी इतके नीट उलगडून सांगितले की प्रात्यक्षिकांना एवढा वेळ का जातो ते तिला स्पष्ट झाले. गणित कच्चे असेल तर भौतिक रसायनशास्त्र जड जाते, हा इशाराही मोलाचा वाटला. महाविद्यालय ठरवण्यापूर्वी प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहण्याचा त्यांचा आग्रह मला सर्वाधिक पटला. शुल्क मात्र आधीच सांगायला हवे होते.