रत्नागिरीतला पहिला दिवस आणि गेलेले १३,२०१ रुपये

सुट्टीत कोकणात होमस्टे बुक करणाऱ्यांनी, आणि त्यातही एकट्याने जाणाऱ्यांनी, हे प्लीज पूर्ण वाचा. लांब झालंय, पण मला जिथे जिथे शंका यायला हवी होती आणि तरी मी पुढे गेले त्या सगळ्या जागा जशाच्या तशा सांगायच्यात.

एप्रिलच्या शेवटी, १ मेच्या सुट्टीला जोडून तीन रात्री रत्नागिरीला जायचं ठरवलं. एकटीने पहिल्यांदाच. थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, संध्याकाळी रत्नदुर्ग, दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, असं सगळं वहीत लिहून ठेवलेलं. राहायला समुद्राजवळ हवं होतं म्हणून मॅपवर भाट्ये बघत होते, तिथे एक होमस्टे आवडला, सुरूचं बन जवळ, अंगणात झोपाळा, भरपूर रिव्ह्यू आणि जवळपास प्रत्येकात काकूंच्या हातच्या जेवणाचं कौतुक. लिस्टिंगवरच्या नंबरला फोन लावला.

फोनवरचा माणूस अगदी नीट बोलला. मराठीत, अदबीने, "मॅडम एकट्या आहात ना, मग काळजीच करू नका, फॅमिली प्रॉपर्टी आहे आपली". रूम २,२०० रुपये रात्रीला, तीन रात्रींचे ६,६००, निम्मे अॅडव्हान्स. व्हॉट्सअॅपवर फोटो आले, पत्ता आला, होमस्टेचं नाव छापलेली बुकिंगची पावती आली. प्रोफाइल फोटोसुद्धा त्याच घराचा.

३,३०० पाठवताना पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर समोरच्याच्या खात्याचं नाव येतं. तिथे होमस्टेचंही नाव नव्हतं आणि मालकाचंही नव्हतं, भलतंच कुठलं तरी ट्रेडर्स होतं. मी विचारलं पण. तो म्हणाला, "आमच्या सीएंचं खातं आहे मॅडम, जीएसटीमुळे तिकडून घेतो". मला ते पटलं. ही पहिली जागा. खात्यावरचं नाव जुळत नसेल तर कारण कितीही पटण्यासारखं असू दे, तिथेच थांबायचं.

निघायच्या दिवशी पहाटे ठाण्याहून जनशताब्दी पकडली. चिपळूण गेल्यावर त्याचा फोन आला. सुट्टीमुळे गर्दी आहे, बाकीचे पैसे आत्ताच भरा नाहीतर सिस्टीम रूम सोडून देईल, बाहेर चार फॅमिल्या थांबल्यात. मी म्हणलं तासाभरात पोचतेच आहे, तिथे आल्यावर देते. तर म्हणे मॅडम माझ्या हातात नाहीये, सॉफ्टवेअर आहे. आता ट्रेनमध्ये बसलोय, अनोळखी गाव आहे, सगळीकडे फुल आहे, एकटी बाई बॅग घेऊन कुठे फिरणार, हे सगळं एकदम डोक्यात येतं आणि तो माणूस नेमकं तेच ओळखून बोलत असतो. पाठवले ३,३००. दोन मिनिटात परत फोन. "मॅडम पेमेंट दोन तुकड्यात आल्यामुळे तुमची एंट्री अडकलीये. एकरकमी ६,६०१ टाका, तो वरचा एक रुपया म्हणजे तुमच्या रूमचा कोड, तो पडला की आधीचे ६,६०० आपोआप रिफंड होतात."

मी हो-नाही करत होते तेवढ्यात उक्षी मागे पडलं आणि करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे तो, रेंज गेली, फोन कट झाला. खिडकीत नुसता काळोख आणि गाडीचा आवाज. मला देवाने विचार करायला वेळ दिला होता असं आता वाटतं. त्या काळोखात मी काय विचार केला, तर आधीचे ६,६०० कसे वाचवायचे. एवढाच. हे खोटं असेल असं मनात आलंच नाही, कारण मनाने ते पैसे आधीच "माझी रूम" म्हणून धरले होते आणि ती रूम हातची जाऊ द्यायची नव्हती. उजेड आला, रेंज आली, फोन वाजला, मी ६,६०१ पाठवले.

या अशा फसवणुकीत पहिली रक्कम छोटी असते आणि पुढची प्रत्येक रक्कम आधीची सोडवायला म्हणून मागतात. रिफंड मिळवण्यासाठी आपणच आणखी पैसे भरायचे, असं कुठलंच खरं हॉटेल सांगत नाही.

रत्नागिरी स्टेशनवर उतरले तर व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड येऊन पडलेला. हा रिफंडचा आहे, स्कॅन करा आणि पिन टाका की पैसे जमा. मी बाकड्यावर बसून लॅपटॉपवर त्याचा फोटो उघडला आणि मोबाईलने खरंच स्कॅन केला. पिनचे ठोकळे समोर आले. तेवढ्यात एका रिक्षावाल्या दादांनी "ताई, गावात जायचंय का" म्हणून विचारलं, मी मान वर केली आणि परत स्क्रीनकडे बघितलं तर रकमेच्या वरती स्पष्ट लिहिलेलं की ही रक्कम तुम्ही देताय. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत होतं हो. माहीत असून माझं बोट पहिल्या आकड्यावर होतं. रद्द केलं आणि हात थरथरायला लागले.

तरीही पूर्ण विश्वास उडाला नव्हता, कारण जागा तर खरी होती. रिक्षात बसले, स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, तिथून पूल ओलांडून भाट्ये. नारळ संशोधन केंद्राच्या पुढे गेल्यावर दादांनी बरोबर त्या घरासमोर उभं केलं. तोच झोपाळा. तेच अंगण. एक क्षण इतकं हायसं वाटलं. मग आतून एक काका आले, माझ्याकडे बघितलं, बॅगकडे बघितलं, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "ऑनलाइन पैसे भरलेत का तुम्ही?"

त्या आठवड्यातली मी तिसरी होते. आधी एक जोडपं आलेलं आणि त्याच्या आदल्या दिवशी लहान मुलं घेऊन एक कुटुंब. काकूंनी मला ओट्यावर बसवलं, पाणी आणि गुळाचा खडा हातात दिला आणि "रडू नका हो, आधी घोटभर पाणी घ्या" म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काकांनी स्वतःच्या फोनवर लिस्टिंग दाखवली. फोटो त्यांचे, रिव्ह्यू त्यांचे, पत्ता त्यांचा, फक्त फोन नंबर दुसऱ्याचा. मॅपवर कुणालाही "बदल सुचवा" करता येतं, त्यातून हे लोक नंबर फिरवतात. काकांनी तीनदा बरोबर करून घेतला होता. खरा नंबर त्यांच्या गेटवर रंगाने लिहिलेला आहे, पण गेट आपल्याला पोचल्यावर दिसतं.

पुढचं मात्र नीट वाचा, कारण इथे मी थोडी शुद्धीवर आले. काका म्हणाले रूमचं नंतर बघू, आधी १९३० ला लावा. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, देशभर एकच. जितक्या लवकर कराल तितकं चांगलं, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर फिरवतात आणि मध्येच सापडले तर तिथल्या तिथे अडकवता येतात. पहिल्यांदा लाइन बिझी आली, चौथ्यांदा लागली. त्यांनी माझी बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारला. तो यूपीआय अॅपमध्ये व्यवहार उघडला की खाली दिसतो, आधीच कागदावर उतरवून ठेवा, त्या मनस्थितीत शोधता येत नाही. नंतर तक्रारीचा नंबर मेसेजने आला. त्याच वेळी बँकेच्या अॅपमधून यूपीआय बंद केलं आणि बँकेला कळवलं. बँकेचा नंबर सर्चमध्ये शोधू नका, डेबिट कार्डच्या मागे छापलेला असतो तो लावा, कारण सर्चमध्ये कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर असतात. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली, स्क्रीनशॉट, खोटी पावती, तो क्यूआर, सगळं जोडलं. रागाने चॅट डिलीट करावंसं वाटत होतं, ते केलं नाही हे बरं झालं, नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली तेव्हा तेच सगळं लागलं.

थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, काही झालं नाही त्या दिवशी. काकांकडे खरंच रूम नव्हती, पण काकूंनी मला त्यांच्या मुलीच्या खोलीत झोपवलं आणि पैसे घ्यायला तयार होईनात. संध्याकाळी काकांच्या फोनवरून त्या माणसाला आम्ही फोन लावला. त्याच गोड आवाजात म्हणाला, "हो साहेब, समुद्राजवळ आहे, एकच रूम शिल्लक आहे, अॅडव्हान्स टाकून ठेवा." काका माझ्याकडे बघत राहिले. स्वतःच्या अंगणात बसून स्वतःचंच घर दुसरा कुणी विकताना त्यांनी ऐकलं. त्यांचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं आहे, कारण फसलेली काही माणसं चिडून त्यांच्याच होमस्टेला एक स्टार देऊन जातात.

आणखी एक. आठवड्याने मला फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, ९९९ रुपये प्रोसेसिंग भरा. तक्रारीला पोलीस किंवा १९३० पैसे मागत नाहीत. हे त्याच धंद्याचं दुसरं टोक आहे, एकदा फसलेल्यांचे नंबर त्यांच्याकडे असतातच. मी काही न बोलता फोन ठेवला आणि तो नंबरही तक्रारीत टाकला.

आता बुकिंग करताना मी मॅपवरच्या नंबरवर थांबत नाही. होमस्टेच्या जुन्या रिव्ह्यूंमधले पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडते, पुष्कळदा त्यात गेटवरची पाटी किंवा व्हिजिटिंग कार्ड दिसतं, तिथला नंबर जुळवून बघते. मालकाला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवायला सांगते. खरा माणूस लगेच दाखवतो, वर कौतुकाने चिकूचं झाडही दाखवतो. फसवणारा म्हणतो रेंज नाहीये. आणि अॅडव्हान्स अगदी द्यायचाच झाला तर एका रात्रीचा, त्याहून जास्त मागितला तर दुसरी जागा बघते.

शेवटच्या ६,६०१ मधले ४,००० कुठल्याशा खात्यात होल्ड झालेत असं बँकेने कळवलंय. ते सुटायला अर्ज दिलाय. बाकीचे गेले.

काल सहज मॅपवर काकांचं घर उघडलं, नंबर परत बदललेला होता. लगेच काकांना फोन केला आणि मीही तिथून "बदल सुचवा" मध्ये गेटवरच्या पाटीचा फोटो टाकून दिला.