स्ट्रक्चरायझर: कोड लिहिण्याआधी आराखडा तपासणारे साधन

मोठ्या वेब अ‍ॅप्लिकेशनची रचना ठरवताना आपण सहसा फळ्यावर किंवा चित्रे काढण्याच्या एखाद्या साधनात चौकोन आणि बाण काढतो. ही चित्रे नेटकी दिसतात; परंतु एका चित्रात ज्या भागाला ‘खाते सेवा’ म्हटले आहे, त्यालाच दुसऱ्या चित्रात ‘लेजर’ म्हटले असेल, तर ही विसंगती कोणाच्याही लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर रचनेचे सल्लागार सायमन ब्राउन यांच्या स्ट्रक्चरायझरमध्ये प्रणालीचे वर्णन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकदाच लिहायचे असते आणि सगळ्या आकृत्या त्या एकाच वर्णनावरून तयार होतात. नाव एका जागी बदलले की ते सर्वत्र बदलते.

यामागे ब्राउन यांचेच सी४ मॉडेल, म्हणजे प्रणालीची रचना चार पातळ्यांवर दाखवण्याची पद्धत आहे. संदर्भ (प्रणाली, तिचे वापरकर्ते आणि बाहेरच्या प्रणाली), कंटेनर, कंपोनंट (कंटेनरच्या आतील भाग) आणि कोड या त्याच्या चार पातळ्या. इथला कंटेनर म्हणजे डॉकर या अ‍ॅप्लिकेशन चालवण्याच्या साधनातला कंटेनर नव्हे. ब्राउझरमध्ये चालणारा भाग, एपीआय (इतर भागांच्या विनंत्या स्वीकारून उत्तर देणारा सर्व्हरवरचा भाग), डेटाबेस असा स्वतंत्रपणे चालणारा किंवा माहिती साठवणारा प्रत्येक घटक म्हणजे कंटेनर. बहुतेक चमूंना पहिल्या दोन पातळ्या पुरतात, असे ब्राउन स्वतःच सांगतात आणि माझेही मत तेच आहे.

या साधनाची खरी किंमत कळते ती डायनॅमिक आकृती, म्हणजे एखाद्या कामातील पायऱ्यांचा क्रम दाखवणारी आकृती लिहिताना. समजा, पतसंस्थेच्या सभासदाने कर्जाचा हप्ता ऑनलाइन भरला. पेमेंट गेटवेकडून उत्तर येते, एपीआय खात्यात नोंद करते आणि त्यानंतर सूचना सेवा एसएमएस पाठवते. हा क्रम लिहीत असताना सूचना सेवेने सभासदाचा मोबाइल क्रमांक थेट डेटाबेसमधून घ्यावा असे आपण लिहिले आणि मूळ वर्णनात त्या दोघांमध्ये संबंधच दाखवलेला नसेल, तर स्ट्रक्चरायझर त्रुटी दाखवून थांबते. मग तो संबंध जाणीवपूर्वक जोडावा लागतो किंवा क्रमांक एपीआयमार्फत मिळवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. हा वाद कोड लिहिण्यापूर्वी झाला तर दोन-चार ओळी बदलून मिटतो, नंतर त्यासाठी चालू प्रणालीला हात लावावा लागतो. फाइल गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवता येत असल्यामुळे रचनेतील असा प्रत्येक बदल कोडप्रमाणेच सहकाऱ्यांकडून तपासून घेता येतो.

मांडणीच्या बाबतीत मात्र हे साधन कमी पडते. स्वयंचलित मांडणी लहान आकृत्यांना ठीक आहे. घटक वाढले की बाण एकमेकांवरून जाऊ लागतात आणि चौकोन हाताने हलवून बसवावे लागतात. डेटाबेसमधील तक्ते व त्यांचे परस्परसंबंध मांडण्याची खास सोय स्ट्रक्चरायझरमध्ये नाही, त्यामुळे ते दाखवणाऱ्या ईआर आकृतीसाठी दुसरे साधन लागतेच. शिवाय व्यवस्थापक किंवा ग्राहक ही फाइल स्वतः बदलतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांच्यापुढे तयार आकृतीच ठेवावी.

दोघा-तिघांच्या छोट्या संकेतस्थळासाठी मी हे सुचवणार नाही, तिथे फळा पुरेसा आहे. अनेक सेवा, बाहेरच्या प्रणाली आणि एकाहून अधिक चमू असतील तिथे मात्र पहिल्याच बैठकीपासून ते वापरावे. रचनेचे निर्णय आणि त्यांची कारणे नोंदवणारी टिपणेही आकृत्यांसोबत जोडता येतात. एखादा पर्याय का नाकारला, हे नव्याने आलेल्या सहकाऱ्याला त्यांतून वाचता येते.