शंभर टक्के प्लेसमेंटवाल्या सिव्हिल इंजिनिअरिंग क्लासचा रिव्ह्यू (जुने पाच स्टार काढून टाकलेत)

आधी कबुली देतो. याच क्लासला मी दीड वर्षापूर्वी पाच स्टार दिले होते, सोबत "सगळी फॅकल्टी मस्त, नक्की जॉइन करा" असंही लिहिलं होतं. तेव्हा माझं एकही लेक्चर झालं नव्हतं. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या रिव्ह्यू टाका, मोबाईल दाखवा आणि किट घेऊन जा. किट म्हणजे एक पिवळं हेल्मेट, पाच मीटरचा टेप आणि क्लासचं नाव छापलेली पिशवी. चाळीसेक पोरंपोरी रेशनच्या लाइनीत उभं राहावं तसे उभे राहून स्टार देत होतो. त्यामुळे तिथले छान छान रिव्ह्यू वाचताना तारीख बघा, एकाच दिवसाचे पंचवीस-तीस सापडले की समजा नवीन बॅच सुरू झाली.

आता नोकरी लागून वर्ष होत आलंय, म्हणून डोकं शांत ठेवून लिहितोय. नाव घेत नाही, कारण असे बोर्ड पुण्यात गल्लोगल्ली आहेत आणि थोड्याफार फरकाने हे सगळ्यांनाच लागू पडेल. माझ्याकडून तीन स्टार. त्यातला एक स्टार क्लासचा, दोन रविवारच्या सरांचे.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मी औसा तालुक्यातला, बीई सिव्हिल, डिग्रीला मार्क बरे पण बारावीला ५४ टक्के. मोठ्या कंपन्या ग्रॅज्युएट ट्रेनी घेतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी दहावीपासून सगळीकडे ६० टक्के मागतात, म्हणजे माझा फॉर्म कॉम्प्युटरच बाहेर काढणार. कॉलेजच्या कॅम्पसला ज्या कंपन्या आल्या त्या सगळ्या आयटीच्या, सिव्हिलवाल्यांनी पण कोडिंगची परीक्षा द्या म्हणे. मग कात्रजला तिघांत एक रूम घेतली, दोन महिने नोकरीच्या वेबसाइटवर रोज पन्नास ठिकाणी अप्लाय करत बसलो आणि फोन आले ते फक्त इन्शुरन्सवाल्यांचे. अशा वेळी "साईट इंजिनिअर कोर्स, शंभर टक्के प्लेसमेंट गॅरंटी" असा बोर्ड दिसल्यावर माणूस जिना चढतोच ना. फी अठरा हजार वर जीएसटी, पप्पांनी सोयाबीनच्या पैशातून दिली.

गॅरंटी कशी असते ते सांगतो, कारण मी तो कागद सही केल्यावर वाचला. त्यात लिहिलंय की क्लास तीन इंटरव्ह्यू "अरेंज" करून देणार. तीन झाले की गॅरंटी पूर्ण, तुम्हाला नोकरी लागो न लागो. एकाला जरी गेला नाहीत तरी गॅरंटी रद्द. आणि इंटरव्ह्यू कुठल्या पोस्टचा हे कागदात कुठेच नाही. माझा पहिला इंटरव्ह्यू टाइल चिकटवायचा माल विकणाऱ्याकडे निघाला, पोस्ट सेल्स कोऑर्डिनेटर, स्वतःची टू व्हीलर पाहिजे. दुसरा एका कन्सल्टन्सीत, तिथे रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले. मी उठून आलो, माझ्यासोबतच्या एकाने मार्कशीट दिली आणि ती परत मिळवायला त्याला मामांना घेऊन जावं लागलं. ओरिजिनल कुणालाही देऊ नका रे, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत पिशवीत घाला.

सीव्हीचं तर विचारूच नका. क्लासने सगळ्यांना एकच फॉरमॅट दिला, वर ऑब्जेक्टिव्हमध्ये तेच वाक्य, खाली हॉबीमध्ये सगळ्यांना क्रिकेट आणि पुस्तक वाचन. तिसऱ्या इंटरव्ह्यूला आम्ही चौघं गेलो तर तिथल्या साहेबांनी चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले, "तुम्ही भाऊ आहात का सगळे?" मेल्यासारखं झालं. मग मी त्यातलं सगळं उडवून एकच पान केलं, वर फोन नंबर, खाली कुठल्या साईटवर किती दिवस इंटर्नशिप आणि तिथे स्वतःच्या हाताने काय केलं ते. "सुपरव्हिजन केलं" असं नाही, तर "फुटिंगच्या सळईचं बीबीएस एक्सेलमध्ये काढलं, फिटरच्या कटिंगशी ताडून बघितलं" असं (फुटिंग म्हणजे कॉलमखालचा पाया, बीबीएस म्हणजे कुठली सळई किती लांब कापायची त्याची यादी, फिटर म्हणजे सळई कापून बांधणारा). त्यानंतर फोन यायला लागले. क्लासने नाही सांगितलं हे, अपमान झाल्यावर कळलं.

सोमवार ते शुक्रवारची लेक्चर ठीकठाक. ऑटोकॅड टूडी चांगलं शिकवलं, त्यासाठी एक स्टार. स्टॅड प्रो हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तीन दिवसांत उरकलं, त्यातून बटणं कुठे आहेत एवढंच कळतं. आणि दोन आठवडे "टेल मी अबाउट युवरसेल्फ" इंग्रजीत पाठ करून घेतलं, आरशासमोर उभं राहून. नंतर जिथे खरी नोकरी लागली तिथे पहिला प्रश्न काय होता माहितीये? "हिंदी येते ना? फिटर बंगालचे आहेत, सुतार बिहारचे."

दोनशे प्रश्नांची पीडीएफ पण देतात. ती वाईट नाही, पाठ करायलाच पाहिजे अशा गोष्टी आहेत त्यात. एक मीटर सळईचं किलोतलं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, सिमेंटची गोणी ५० किलो, काँक्रीट तपासायचा क्यूब १५० मिलिमीटरचा, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० मिलिमीटर, साधारण साडेचार मीटरपर्यंत गाळा (दोन आधारांमधलं अंतर) असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्यापेक्षा मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढायचे. पण ती पीडीएफ सगळ्यांकडेच आहे आणि समोरच्या माणसालाही माहितीये की सगळ्यांकडे आहे.

आता रविवारच्या सरांबद्दल, ज्यांच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. वय साठीच्या आसपास, शिक्षण डिप्लोमा, आयुष्य साईटवर गेलेलं. क्लासच्या माहितीपत्रकात त्यांचा फोटोसुद्धा नाही, सूटबूटवाल्या फॅकल्टीचे आहेत. ते रविवारी सकाळी सातला धायरीच्या बाजूला एका चार मजली कामावर बोलवायचे आणि पहिला तास बोलायचेच नाहीत, फक्त फिरायचं आणि काय चुकलंय ते वहीत लिहायचं. मग एकेकाची वही बघून टोमणे. मी पहिल्या रविवारी तीन चुका लिहिल्या, सरांनी सतरा दाखवल्या. कव्हर ब्लॉक सरकलेत, दोन कॉलमचा ओळंबा बाहेर, लॅप (सळईला सळई जोडायच्या जागा) सगळ्या एकाच ठिकाणी घेतलेत, असं करत करत.

एकदा त्यांनी कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगचा हुक दाखवला. फिटरने काटकोनात वळवून सोडला होता. सर म्हणाले हे उघड आणि १३५ अंशात आत वळव, फिटर म्हणाला साहेब काँक्रीट टाकल्यावर कोण बघतंय. तेव्हा सरांनी आम्हाला सगळ्यांना खाली बसवून समजावलं की भूकंपात कॉलम हलला की बाहेरचं कव्हरचं काँक्रीट आधी गळून पडतं, आणि मग काटकोनातला हुक उघडतो, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात. आत वळवलेला हुक गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये अडकून राहतो. मी किल्लारीपासून जवळच्या गावचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत मोठा झालो (तिथली घरं दगडमातीची होती, ती गोष्ट वेगळी), आयएस १३९२० हा भूकंपासाठीच्या कोडचा नंबर पण परीक्षेसाठी पाठ होता, पण चार वर्षांत हुक हातात धरून कुणी दाखवला नव्हता. त्या दिवशी आमच्यातल्या दोघांनी फिटरकडून पाना मागून स्वतः हुक वळवून बघितले, हाताला फोड आले.

आणि चलन, म्हणजे काँक्रीटच्या गाडीसोबत येणारा कागद. हे सगळ्यात कामाला आलं. आरएमसीची (प्लांटवर तयार केलेल्या काँक्रीटची) गाडी आली की सर आधी ड्रायव्हरकडून चलन घ्यायचे आणि प्लांटवर माल भरल्याची वेळ बघायचे. आयएस ४९२६ या आरएमसीच्या कोडप्रमाणे साधारण दोन तासांच्या आत माल खाली व्हायला पाहिजे, जास्त वेळ लागणार असेल तर तसं रिटार्डर (माल उशिरा घट्ट व्हावा म्हणून घालायचं रसायन) घालून आधीच ठरवलेलं असावं लागतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये हे किती वेळा जुळत असेल ते तुम्हीच समजा.

आता माझा खरा इंटरव्ह्यू. हा क्लासने अरेंज केलेला नाही, सरांच्या ओळखीनेही नाही. वाघोलीच्या पुढे एका साईटच्या गेटवर बोर्ड वाचला, आत जाऊन सीव्ही दिला, चार दिवसांनी फोन. इंटरव्ह्यू कंटेनरच्या ऑफिसात, पंखा बंद, प्रोजेक्ट मॅनेजर साहेब डबा खात होते आणि खाता खाताच विचारत होते. आधी ड्रॉइंग पुढे सरकवलं, म्हणाले सी सेव्हन कॉलमला खालच्या मजल्यावर सळई काय आहे वाचून दाखव. मग १६ च्या बारा मीटर सळईचं वजन, मी म्हणालो १९ किलोच्या आसपास, त्यांनी मान हलवली. ४० घनमीटरचा स्लॅब आहे, क्यूब किती भरशील? मी म्हणालो ३१ ते ५० घनमीटरला चार सॅम्पल, एका सॅम्पलचे तीन, म्हणजे २८ दिवसांचे बारा, सात दिवसांचे बघायचे तर वेगळे भरावे लागतील. इथपर्यंत पीडीएफने साथ दिली.

मग डबा बंद केला आणि म्हणाले, "रात्रीचे अकरा वाजलेत, स्लॅब अर्धा झालाय, गाडी आली, चलनावर वेळ आठ दहाची आहे. माल घट्ट झालाय, ड्रायव्हर म्हणतो साहेब पाणी मारतो, पाच मिनिटात सेट करतो. मी झोपलोय, फोन उचलत नाही. काय करशील?"

मी सरळ सांगितलं की पाणी मारू देणार नाही, स्लम्प (माल किती घट्ट-पातळ आहे त्याची चाचणी) घेऊन आकडा चलनावर लिहीन, प्लांटच्या क्यूसीला (क्वालिटी बघणाऱ्याला) फोन करीन आणि जवळपास तीन तास झालेत म्हणजे गाडी परत पाठवीन. साहेब म्हणाले आणि तोपर्यंत स्लॅबची कड सुकली तर? इथे मी अडकलो. शेवटी म्हणालो की पुढची गाडी लवकर येत नसेल तर गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात उभी फळी लावून सरळ कन्स्ट्रक्शन जॉइंट (पुढचं काँक्रीट नंतर जोडायची जागा) सोडीन, पण ते तुम्हाला विचारून, तुम्ही फोन उचलला नाही तर माणूस पाठवून तुम्हाला उठवीन. ते हसले. मला वाटतं नोकरी तिथेच मिळाली, त्या उठवीन वर.

बीईच्या प्रोजेक्टवर पण दोन प्रश्न आले. माझा फ्लाय ॲशवर (काँक्रीटमध्ये घालायची कोळशाची राख) होता. सात दिवसांची स्ट्रेंग्थ कमी का आली विचारलं, मी म्हणालो फ्लाय ॲशचं काम हळू चालतं, उशिरा भरून निघते. क्यूब खरंच स्वतः भरले होते म्हणून बोलता आलं. विकत घेतलेला प्रोजेक्ट असता तर तिथेच आटोपलं असतं.

पगार सोळा हजार, राहायला साईटवर खोली, जेवण आपलं आपण. हो, कमी आहे. डिप्लोमावाल्यालाही तिथे तेवढाच आहे, उगाच खोटं कशाला सांगू.

तक्रारी अजून दोन. एक म्हणजे मुलींना प्लेसमेंटवाला माणूस सरळ सांगायचा की तुम्ही ऑफिस साईडलाच बघा, साईटवर कोण घेणार. आमच्या बॅचमधली एक जण चिडून स्वतःच आरएमसी प्लांटच्या लॅबमध्ये गेली, आज तिच्या सहीशिवाय गाडी निघत नाही. दुसरी म्हणजे सरकारची नॅट्स नावाची फुकट अप्रेंटिसशिपची सोय आहे, पास झाल्यावर एक वर्ष कंपनीत किंवा सरकारी खात्यात शिकायचं, २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये स्टायपेंड ठरवला होता आणि त्या किमान रकमेतला अर्धा भार सरकार उचलतं. क्लासवाल्यांनी हे चुकूनही सांगितलं नाही. का सांगतील?

तर जॉइन करायचं असेल तर फोनवर एकच विचारा, रविवारची साईट व्हिजिट आहे का आणि ती कोण घेतं. "फॅकल्टी बदलू शकते" असं उत्तर आलं तर अठरा हजार खिशात ठेवा आणि सकाळी सातला एखाद्या चालू कामाच्या गेटवर जाऊन उभे राहा, दहातला एक तरी आत घेतो.

किटमधला टेप दुसऱ्या महिन्यात अडकला. हेल्मेट मी नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने घालून गेलो. साईटवर पांढरं इंजिनिअरचं आणि पिवळं लेबरचं असतं हे मला कुठे माहीत, मुकादमाने लांबूनच हाक मारली, "ए नवीन, घमेलं उचल!"