तीन महिन्यांचं पॅकेज

शुगर असलेला पन्नाशी-साठीतला माणूस सकाळी उठतो आणि समोरच्या एका खांबाचे दोन खांब दिसतात. एक डोळा झाकला की पुन्हा एकच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात अशा माणसाला लुबाडायची रीत आता ठरून गेली आहे.

आधी दुखणं समजून घ्या, कारण फसवणूक त्यातच लपलेली आहे. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दुहेरी दिसणं थांबत असेल तर दोन डोळे एका रेषेत नाहीत. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोन दिसत असतील तर दोष त्या डोळ्यातच असतो: मोतीबिंदू, तिरका नंबर, कोरडेपणा. शुगर-बीपीवाल्यांत अनेकदा डोळा बाहेर वळवणाऱ्या सहाव्या नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो. मग दोन खांब शेजारी-शेजारी दिसतात आणि लांबचं पाहताना त्रास वाढतो. डोळा खाली वळवायला मदत करणारी चौथी नस गेली तर एकावर एक दिसतं, जिना उतरणं मुश्कील होतं. रक्तपुरवठ्यामुळे दुखावलेली ही नस बहुतेकांची साधारण तीन महिन्यांत आपली आपण सुधारते. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायचा आणि तोवर दुहेरी दिसण्यावर तात्पुरती सोय करायची, एवढाच त्यावरचा इलाज.

हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तोच तीन महिन्यांचं पॅकेज विकतो.

पॅकेजमध्ये काय असतं? ‘नस मोकळी करायची’ इंजेक्शनं, कॉम्प्युटरवरचे डोळ्यांचे व्यायाम आणि महागडा प्रिझमचा, म्हणजे दोन प्रतिमा एकत्र आणणाऱ्या काचेचा चष्मा. इंजेक्शनं बहुधा बी-१२ ची. अंगात ते कमी असेल तरच उपयोग. त्यात स्टेरॉइड असेल तर साखर चढते, म्हणजे मूळ दुखण्यालाच खतपाणी. पेन्सिल नाकाजवळ आणण्यासारखे व्यायाम डोळे आत वळवण्याची ताकद कमी असणाऱ्यांना उपयोगी पडतात. लुळी पडलेली नस त्याने जागी होत नाही. चष्म्याची गंमत वेगळीच. पहिल्या काही आठवड्यांत तिरळेपणाचं माप बदलत राहतं, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात काचेत घडवून दिलेला प्रिझम दीड महिन्यात निरुपयोगी होऊ शकतो. अशा काळात काचेवर चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा प्रिझम पुरतो. माप बदललं की काढून दुसरा लावता येतो. तेही नको असेल तर चष्म्याच्या एका काचेवर धुरकट चिकटपट्टी लावा. काही रुपयांत काम होतं, फक्त एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो म्हणून गाडी चालवू नका.

तिसऱ्या महिन्याअखेर डोळा सुटतो, श्रेय पॅकेजला मिळतं आणि बरा झालेला माणूस गावातल्या आणखी चौघांना तिकडेच धाडतो. फसलेल्याला आपण फसलो हे कळतच नाही, म्हणून हा धंदा चालतो.

पण दुहेरी दिसण्याबरोबर पापणी पडली, त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, डोकं असह्य दुखू लागलं, बोबडी वळली किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी मेंदूच्या तपासणीची सोय असलेल्या दवाखान्यात जा. बेळगाव असो, मिरज असो, कोल्हापूर असो. जे जवळ ते.

आता विम्याकडे. ‘दोन दिवस अ‍ॅडमिट व्हा, एमआरआय क्लेममध्ये बसवतो,’ असं काउंटरवर कोणी म्हणालं तर सावध व्हा. केवळ तपासण्यांसाठी दाखल होणं हे विमा नियामकाने सगळ्या पॉलिसींसाठी ठरवलेल्या सामायिक अपवादांत, म्हणजे ज्यांचे पैसे मिळत नाहीत त्या बाबींत, चौथ्या क्रमांकावर आहे. क्लेम नामंजूर होतो आणि बिल तुमच्या गळ्यात पडतं. दाखल होण्याचं खोटं कारण लिहिलेलं सापडलं तर पॉलिसीही जाते, कारण फॉर्मवर सही तुमची असते. कोऱ्या फॉर्मवर सही तर कधीच नको.

दुसरा सापळा एजंटचा. ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढतो.’ फॉर्म इंग्रजीत, भरणारा तो, सही करणारे तुम्ही. त्याखाली ‘मला माझ्या भाषेत समजावून सांगितलं’ असं कबूल केल्याचाही एक रकाना असतो. पुढे शुगरमुळे नस गेली की क्लेम नाकारायला कंपनी हाच कागद पुढे करते. पॉलिसीबरोबर आलेली फॉर्मची प्रत घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, आणि चूक असेल तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. खरं लिहिलं तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. पॉलिसी सलग ६० महिने चालली की आजार लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून.

केसपेपरवरची पहिली ओळही जपा. ‘शुगर किती वर्षं?’ याला आपल्याकडे उत्तर असतं ‘झाली की बरीच वर्षं’. लिहिणारा अंदाजाने दहा लिहितो, आणि ‘आजार पॉलिसीच्या आधीचा, तुम्ही लपवला’ म्हणत कंपनी त्या दहावर बोट ठेवते. शुगरचा पहिला रिपोर्ट सोबत न्या, साल सांगा, काय लिहिलं ते वाचून घ्या.

सहा महिने माप स्थिर राहूनही दुहेरी दिसणं गेलं नाही तर तिरळेपणाची शस्त्रक्रिया करतात. तिथे कंपनी ‘हे सौंदर्यासाठी’ म्हणून हात झटकू शकते. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात दुहेरी दिसणं, प्रिझम डायॉप्टरमधलं (तिरळेपणा मोजायच्या एककातलं) माप, ते कधीपासून स्थिर आहे आणि नस कशामुळे गेली हे स्पष्ट हवं. सोबत डोळ्यांच्या हालचालीचा तक्ता जोडा. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची सूचना बहुतेक पॉलिसींत ४८ तास आधी द्यावी लागते. ओपीडीची फी आणि चष्मा साध्या पॉलिसीत मिळत नाही, ‘मिळवून देतो’ म्हणणारा कोणीही असो.

‘सीमाभागाचं कार्ड’ म्हणून हजार-दोन हजार मागणारेही फिरतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकचा तिला विरोध आहे. पण त्या कार्डासाठी दलालाला पैसे द्यायचे नसतात. कर्नाटकच्या आयुष्मान योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, मात्र तातडीची वेळ सोडली तर आधी सरकारी दवाखान्यातून रेफर चिठ्ठी लागते.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. वकील लागत नाही, फी नाही, मर्यादा ५० लाखांची, आणि मुदत कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्ष. बेळगावचा पत्ता असेल तर अर्ज बेंगळुरूच्या लोकपालाकडे जातो. कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर पॉलिसी काढून ठेवली असेल तर पुणे की बेंगळुरू हा घोळ आणि पत्ता खोटा का दिला हा प्रश्न, दोन्ही तुमच्याच पदरी येतात.