फेंडर इंग्वे माल्मस्टीन स्ट्रॅटोकास्टर: खोलगट फ्रेटबोर्डला हलकाच हात हवा

ट्यूनरवर सहाही तारा चोख लावल्या, तरी या गिटारवरचा पहिला एफ मेजर कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) कानाला टोचतो. बसवणीत चूक नसते, बोटांचा दाब जास्त पडलेला असतो. ही गिटार घ्यायची की नाही, हे बरंचसं याच एका गोष्टीवर ठरतं.

फेंडर कंपनीने १९८८ मध्ये स्वीडिश गिटारवादक इंग्वे माल्मस्टीनच्या नावाने हे मॉडेल आणलं. एरिक क्लॅप्टनच्या गिटारबरोबर ती कंपनीची अगदी सुरुवातीची सिग्नेचर स्ट्रॅट, म्हणजे वादकाच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर. नंतरच्या आवृत्तीत अल्डर लाकडाची बॉडी, मेपलची नेक (मान), सत्तरच्या दशकातल्यासारखा मोठा हेडस्टॉक (खुंट्यांचा माथा), २१ जाड जंबो फ्रेट (धातूचे पडदे), बोर्डच्या गोलाईची ९.५ इंचाची रेडियस आणि पितळी नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी). रोजवुडच्या बोर्डचीही आवृत्ती निघाली. पण हिची खरी ओळख म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत, दर दोन फ्रेटमधलं लाकूड वाटीसारखं कोरून काढलेलं आहे.

सतार हाती घेतलेल्याला हे लगेच समजेल. सतारीच्या पडद्यांखाली मोकळी जागा असते, म्हणून बोट तारेला बाजूला ओढत नेतं आणि मींड निघते. इथेही बोटाचं टोक लाकडाला टेकत नाही. घर्षण जातं, बोट तारेच्या जरा खाली शिरतं, पकड पक्की बसते आणि दीड-दोन स्वरांचा बेंड (तार ओढून सूर चढवणं) घेताना तार निसटत नाही. रुंद व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं आंदोलन, हे या गिटारचं सर्वांत मोठं सुख. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिननेही भारतीय वादकांबरोबरच्या ‘शक्ती’ या बँडच्या काळात वीणेच्या वळणाने खोलगट बोर्डची अकूस्टिक गिटार बनवून घेतली होती, ती याच ओढीने.

आता दुसरी बाजू. तार फ्रेटला टेकल्यावरही बोट खाली जात राहू शकतं. जितकं खाली जाईल तितका ताण वाढतो आणि सूर चढतो. साध्या, म्हणजे वेटोळं नसलेल्या, तारांमध्ये तिसरी, म्हणजे जी, सर्वांत आधी बिघडते. जाडीच्या मानाने तिच्यावर ताण कमी असतो, त्यामुळे थोडी ओढ वाढली तरी सूर बराच हलतो. करून बघा: ट्यूनर लावा, जीच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवा आणि तार छेडत दाब हळूहळू वाढवा. आधी मुका ठोका येतो, मग खरखर, मग एकदम स्वच्छ स्वर. तिथेच थांबा, तुम्हाला लागणारा दाब तेवढाच. त्यापुढे बोट लाकडापर्यंत नेलं की ट्यूनरचा काटा सरळ उजवीकडे पळताना दिसतो. रोज दहा मिनिटं एखादं स्केल अशाच किमान दाबाने, काट्यावर नजर ठेवून वाजवलं तर हात वळतो. वेग आपोआप वाढतो हा समज मात्र खोटा आहे. वेग हलक्या हाताने येतो, बोर्ड फक्त जड हात लपू देत नाही.

माल्मस्टीनचा स्वतःचा तारांचा संच .००८ ते .०४६ इंच जाडीचा. वरच्या तारा इतक्या बारीक की तेवढ्याच जोराला त्या जास्त खाली दबतात. नवख्याने .००९ किंवा .०१० पासून सुरुवात करावी, चूक जरा कमी ऐकू येते. पण जाड संच चढवला की तीन गोष्टी पाहाव्याच लागतात. ट्रेमोलोच्या (दांड्याने सूर हलवणाऱ्या यंत्रणेच्या) मागच्या स्प्रिंगचा तोल, नेकचा बाक आणि नटच्या खाचा. पितळ कठीण असतं, अरुंद खाचेत तार अडकली की ट्रेमोलोचा दांडा, म्हणजे आर्म, वापरल्यावर ती सुरात परतत नाही. खाच योग्य मापाच्या कानशीने रुंद करून घ्या, खोल नव्हे. पेन्सिलचं शिसं घासलं तर तार सरकते. रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक, साधारण ०.२५ मिलिमीटर आणि सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येणं) लावताना बारावा फ्रेट वाजवायच्याच दाबाने धरा, नाहीतर सॅडल, म्हणजे तारेखालची टेकणी, चुकीच्या जागी बसतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत नेक हलते, म्हणून जूनमध्ये आणि दिवाळीनंतर रिलीफ पुन्हा तपासा.

पिकअप (तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग) २०१० नंतरच्या गिटारींत सीमोर डंकनचे वायजेएम फ्युरी, त्याआधी डिमार्झिओचे. दोन्ही दुहेरी रचनेचे, त्यामुळे एकाच वेटोळ्याच्या (सिंगल कॉइल) पिकअपची घरघर जवळजवळ नाही. आवाज मऊ आणि गोल. फंकची चमचमती ताल-गिटार हवी असेल तर निराशा होईल.

ताल-गिटार हेच हिचं दुबळं अंग. बार कॉर्डमध्ये, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरताना, पहिलं बोट सहा तारांवर सारखा दाब देत नाही आणि प्रत्येक तार वेगळी चढते. कॉर्ड घसरवत नेताना बोटं पायऱ्यांवरून जाताहेत असं जाणवतं. स्प्रिंगचा घट्ट कॅपो (फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) सगळ्याच तारा चढवतो, स्क्रूने दाब ठरवता येणारा घ्या. मेपलवर चकचकीत वॉर्निशचा थर असल्याने वाट्यांत साचलेला घाम आणि मळ सहज पुसला जातो, रोजवुडवर जुन्या टूथब्रशने काढावा लागतो.

सगळा बोर्ड कोरलेला नको असेल तर मधले मार्ग आहेत. गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या स्ट्रॅटमध्ये खोली जाड तारांकडे कमी आणि बारीक तारांकडे जास्त, त्यामुळे कॉर्ड बरे टिकतात. तिचा मधला पिकअप मात्र नुसतं झाकण आहे. आयबानेझ कंपनीच्या जेम गिटारमध्ये २१ ते २४ हे चारच फ्रेट कोरलेले असतात. निव्वळ चव घ्यायची असेल तर साध्या नेकवर उंच जंबो फ्रेट बसवून घेणं सर्वांत स्वस्त पडतं, आणि माझ्या मते निम्म्या लोकांना तेवढंच पुरेल.

घरी कानस घेऊन स्वतःची नेक कोरू नका. एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही, मार्करचे ठिपके पातळ होतात आणि फ्रेटच्या कडांवर ओरखडे उठतात. जुनी गिटार घेतानाही हेच तपासा. हेडस्टॉककडून नेकवर नजर टाका. वाट्यांची खोली एकसारखी नसेल, फ्रेटच्या बाजूंना तिरपे चरे असतील किंवा बाजूचे ठिपके अर्धे कापलेले दिसले, तर ती कुणीतरी हाताने कोरलेली साधी स्ट्रॅट आहे, आणि किंमत त्याच हिशेबाने बोला.