संपसाठी ओव्हरफ्लो: काचेला भोक पाडून की काठावर टांगून?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल, याचा नेम नसतो. म्हणून मत्स्यटाकीला संप, म्हणजे पाणी गाळणारी खालची टाकी, जोडणाऱ्याने आधी एवढंच विचारावं: घरात कुणी जागं नसताना वीज परत आली, तर पाणी कुठं जाईल?

ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी खाली सोडणारी वाट, काचेला भोक पाडून करा की काठावर टांगा, रचना दोन्हींत एकच. वरच्या टाकीचं पाणी ओव्हरफ्लोतून खालच्या संपात उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंपाने वर चढतं. काचेला भोक असेल तर हे उतरणं निव्वळ उतारानं होतं. वीज गेली की पाणी ओव्हरफ्लोच्या दातांपर्यंत (वरच्या काठाच्या खाचांपर्यंत) येऊन थांबतं, आली की आपोआप वाहू लागतं. टांगलेल्या प्रकारात पाणी उलट्या यू-नळीतून, सायफनच्या जोरावर काठ ओलांडतं. नळीत बुडबुडे साचून सायफन तुटला, तर पंप वर ढकलत राहतो, खाली मात्र थेंब उतरत नाही. मग हॉलभर पाणी.

नवी टाकी करून घेत असाल तर भोकच पाडून घ्या, माझ्या मनात याबद्दल शंका नाही. फक्त काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना, हे आधी विचारा. टफन्ड काच ड्रिल लागताच फुटून चुरा होते. जमल्यास दोन भोकं ठेवा. पहिल्या पाइपात गोगलगाय अडकली, तर थोडा उंच ठेवलेला दुसरा पाइप टाकी वाचवतो.

मासे सोडलेली टाकी रिकामी करवत नसेल तर टांगलेला घ्या, पण संपातला पंपाचा कप्पा लहान ठेवून, म्हणजे सायफन तुटला तरी पंप तेवढंच पाणी वर चढवेल. चार बाय दीड फुटांच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. वर इंचभरच जागा मोकळी असेल, तर कप्प्यात १२ लिटरहून जास्त पाणी नको.

पंप बंद पडल्यावर, पंपाचं पाणी वर नेणाऱ्या परतीच्या पाइपातूनही पाणी उलटं खाली येतं, आणि हे दोन्ही प्रकारांत होतं. त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली एक बारीक भोक पाडा, म्हणजे पातळी तिथवर उतरली की हवा शिरून उलटा प्रवाह तुटेल, आणि त्यातलं शेवाळ काढत राहा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) घाणीने अडकतो, एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

मासे सोडण्याआधी पंप बंद करून संप किती भरतो ते बघा. काठाशी येत असेल तर पाणी कमी करून पुन्हा बघा. मग पंप चालू करा, पातळी स्थिरावली की संपाच्या काचेवर मार्करने रेघ मारा. पंप चालू असताना त्या रेघेच्या वर पाणी कधीच भरायचं नाही.